पूर्वेकडची जळकी बाजू

२१ जून १८९५, मुंबई. लिबा ब्रे या अमेरिकन लेखिकेच्या ‘अ ग्रेट अँड टेरिबल ब्यूटी’ या कादंबरीचे पहिले प्रकरण या तारखेला, या शहरात उघडते. जेम्मा डॉइल या इंग्रज मुलीचा त्या दिवशी सोळावा वाढदिवस आहे. ती आईबरोबर बाजारात आली आहे, उकाड्याने हैराण आहे आणि रुसलेली आहे, कारण तिला लंडनला जायचे आहे आणि आई नेत नाही. दोघींची खडाजंगी होते. जेम्मा तोंडाला येईल ते बोलून पळत सुटते, आणि त्याच घटकेला तिची आई मरते. बाहेर सांगायला पटकीचे कारण ठरवले जाते. खरे काय घडले ते जेम्माला ठाऊक असते, कारण तिला ते दिसलेले असते. डोळ्यांनी नव्हे, तर अंगात आल्यासारखे, शुद्ध हरपून. अंधारातून उठलेली एक आकृती आणि तिच्या हाती लागू नये म्हणून स्वतःच्या हाताने जीव देणारी आई.

पुढच्या पानांवर मुंबई संपते. जेम्माची रवानगी इंग्लंडमध्ये ‘स्पेन्स’ नावाच्या मुलींच्या निवासी शाळेत होते आणि उरलेली कादंबरी तिथेच घडते. ही कादंबरी २००३ साली आली. तिचे पुढचे दोन भाग ‘रिबेल एंजल्स’ आणि ‘द स्वीट फार थिंग’ अनुक्रमे २००५ आणि २००७ साली. तिन्ही किशोरवयीन वाचकांसाठी. भूतखेत, प्रेम, जुना वाडा, बंद दालन आणि व्हिक्टोरिया राणीचा काळ अशी सगळी सामग्री तिच्यात आहे. गंभीर वाङ्मयाच्या वाचकाने तिच्याकडे ढुंकूनही पाहू नये अशी ही जात समजली जाते. मला ती भाचीच्या कपाटात सापडली. इंग्रजी साहित्याचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. हिशेबाच्या खात्यात नोकरी करत, शब्दकोश शेजारी ठेवून वाचत आले. त्यामुळे कोणते पुस्तक वाचणे कमीपणाचे हे मला कोणी शिकवलेले नाही. तिन्ही भाग वाचून झाल्यावर दोन प्रश्न मनात घर करून राहिले. या जातीच्या कादंबरीतल्या भुताला सोळा-सतरा वर्षांचीच मुलगी का लागते? आणि आपल्या मुंबईची गरज या कादंबरीला पहिल्या प्रकरणापुरतीच का पडते? दोन्हींची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत असे मला वाटते. त्यासाठी आधी या जातीचे कुळ पाहावे लागेल.

गॉथिक कादंबरीचा आरंभ होरेस वॉलपोलच्या ‘द कासल ऑफ ओट्रँटो’पासून, म्हणजे १७६४ पासून, धरण्याचा प्रघात आहे. जुना किल्ला, त्यात कुळाचा शाप, भुयारातून जीव मुठीत धरून पळणारी मुलगी. तीस वर्षांनी ॲन रॅडक्लिफने ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ लिहिली आणि या सांगाड्यात एक खास बायकी शहाणपण आणले. तिच्याकडे भुते शेवटी भुते निघत नाहीत. काळ्या पडद्यामागे जे पाहून नायिका मूर्च्छित पडते ते मेणाचे बाहुले असते. खरा धोका भुतापासून नसून तिची मालमत्ता लाटायला बसलेल्या पालकापासून असतो. रॅडक्लिफच्या वाचक मुलींची थट्टा करणारी जेन ऑस्टिनची ‘नॉर्दंगर ॲबी’ अनेकांनी वाचली असेल. सतरा वर्षांची कॅथरीन मध्यरात्री धडधडत्या छातीने जुने कपाट उघडते आणि तिला त्यात धोब्याचा हिशेब सापडतो. पण ऑस्टिनही अखेर रॅडक्लिफच्याच वाटेने जाते. त्या घराचा मालक खुनी नसला तरी कॅथरीन श्रीमंत नाही एवढे कळताच तिला एकटीला घराबाहेर काढण्याइतका क्रूर असतोच.

व्हिक्टोरियन काळात हे भूत किल्ल्यातून घरात आले. ‘जेन एअर’ (१८४७) मध्ये ते माळ्यावर कोंडलेले आहे, आणि ते भूत नसून जमैकाहून लग्न करून आणलेली पहिली बायको आहे. माळ्यावर काय आहे हे धन्याला माहीत आहे. गव्हर्नेस म्हणून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला मात्र ते लग्नाच्या वेदीसमोर उभी राहीपर्यंत कोणी सांगत नाही. मला या सबंध परंपरेचे मर्म इथे दिसते. गॉथिक कादंबरीत दालन बंद असते एवढेच पुरेसे नाही, त्याची किल्ली कोणाकडे आहे हे महत्त्वाचे. आयर्लंडच्या शेरिडन ले फानूची ‘कार्मिला’ (१८७१-७२) घ्या. रक्तपिपासू स्त्रीची ही कथा ‘ड्रॅक्युला’च्या पंचवीस वर्षे आधीची. तिच्यातली लॉरा नावाची मुलगी दिवसेंदिवस खंगत जाते. डॉक्टर येतो, तिला तपासतो, मग बापाला बाजूला घेऊन बोलतो. दोघांचे चेहरे गंभीर. मुलगी विचारते, मला काय झाले आहे? तिला सांगितले जात नाही. एकटे सोडू नका, एवढी सूचना तिच्या सांभाळणारीला मिळते. कार्मिलाच्या सुळ्यांपेक्षा हे दृश्य मला जास्त भयंकर वाटते. आपल्याकडच्या कितीतरी घरांत मुलींच्या आजाराविषयी, स्थळाविषयी, आईच्या मरणाविषयीसुद्धा असेच बाजूला जाऊन बोलले गेले आहे.

आता वाचक कोण, हे पाहू. ‘यंग ॲडल्ट’ हा वर्ग व्हिक्टोरियन काळात नव्हता. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेने त्याच्यासाठी स्वतंत्र विभाग काढला तो १९५७ साली. १८९५ मध्ये मुलगी एक तर लहान होती किंवा लग्नाची. मधल्या वयासाठी साप्ताहिके मात्र निघत; त्यांत ‘गर्ल्स ओन पेपर’ हे १८८० पासून चाललेले आणि फार खपणारे. ते काढणारी संस्था धार्मिक पत्रके छापणारी होती. शिवण, आरोग्य, सद्वर्तन, सोज्ज्वळ कथा आणि पत्रोत्तरे. त्या पत्रोत्तरांची एक गंमत अशी की मुलींचे प्रश्न छापले जात नसत, फक्त उत्तरे छापली जात. म्हणजे मुलीला काय विचारायचे होते हे उत्तरावरून ताडायचे. ब्रेची कादंबरी मला अशा न छापलेल्या प्रश्नांचे पुस्तक वाटते. १८९५ सालच्या सोळा वर्षांच्या मुलीच्या हाती ती कोणी पडू दिली नसती. आणि तिच्याइतकी त्या पुस्तकाची गरज दुसऱ्या कोणाला नव्हती.

भुताला मुलगीच का लागते, याचे एक उत्तर मात्र कादंबऱ्यांच्या बाहेर, त्या काळच्या वर्तमानपत्रांत आहे. १८४८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यात फॉक्स नावाच्या घरातल्या दोन लहान बहिणींनी भिंतीतल्या टकटकीशी बोलायला सुरुवात केली आणि त्यातून परलोकविद्येची लाट अमेरिकेत नि इंग्लंडात पसरली. त्यातली एक, मार्गारेट, हिने चाळीस वर्षांनी जाहीर सभेत कबूल केले की ती टकटक आम्ही पायाची बोटे मोडून काढत होतो. (पुढच्या वर्षी तिने ही कबुलीही मागे घेतली.) तोवर लंडनमध्ये फ्लॉरेन्स कुक नावाची ऐन तारुण्यातली मुलगी कपाटात बसून ‘केटी किंग’ नावाच्या प्रेताला मूर्त रूपात बाहेर आणत होती आणि विल्यम क्रुक्ससारखा नामांकित शास्त्रज्ञ त्याची तपासणी करत होता. १८८२ साली लंडनमध्ये अतींद्रिय अनुभवांच्या अभ्यासाची संस्थाच निघाली. आपल्याकडेही हा वारा लांब नव्हता. मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कट १८७९ मध्ये मुंबईत उतरले, गिरगावात बिऱ्हाड केले आणि ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक त्यांनी मुंबईतूनच सुरू केले. प्लँचेट मराठी मध्यमवर्गाच्या माजघरात पुढे किती काळ टिकले हे वाचकांना मी सांगायला नको.

परलोकाशी बोलणारी माध्यमे बहुधा बायका, आणि त्यांतही कितीतरी तरुण मुली का? त्या काळचे उत्तर असे की स्त्रीची प्रकृती निष्क्रिय, कोमल, रिकाम्या भांड्यासारखी. त्यामुळे दुसऱ्याचा आत्मा तिच्यात सहज शिरतो. मला वाटते, उलटे आहे. चारचौघांत मोठ्याने बोलण्याची मुभा ज्या मुलीला नाही तिला भुताच्या तोंडाने बोलण्याची मुभा मिळते, आणि मग घरातले कर्ते पुरुषही खाली बसून ऐकतात. आपल्याकडे अंगात येणाऱ्या सासुरवाशिणीला हे न शिकवता कळलेले असते. एरवी ताटात उरेल ते खाणारी सून त्या घटकेला पाटावर बसून खणानारळ मागते आणि सासू तो देते.

ब्रेने हे सूत्र नेमके पकडले आहे. जेम्माला पडणारी दृश्ये, मग तिच्या हातून उघडणारे प्रकाशाचे दार, त्या दारापलीकडचे ‘रेल्म्स’ म्हणजे मायालोक, हे सगळे आईकडून लेकीकडे आलेले वाण आहे. शतकानुशतके स्त्रियांच्या एका गुप्त संघाने ही शक्ती सांभाळली, अशी कादंबरीची कल्पना. आणि या स्त्रियांवर नजर ठेवायला पुरुषांचा दुसरा संघ. त्याचे नाव ‘रक्षणा’. हा शब्द वाचून मी थबकले. लेखिकेने तो नुसता नादासाठी निवडला असेल. पण स्त्रीला कौमार्यात बापाने, तारुण्यात नवऱ्याने आणि म्हातारपणी मुलाने राखावे हा स्मृतीतला श्लोक ज्यांच्या कानावरून गेला आहे त्यांना हे नाव फार अचूक वाटेल. रक्षण म्हणजे पहारा. या संघाचे नाव संस्कृत असले तरी तिसऱ्या भागात त्याची सूत्रे इंग्रज उमरावांच्या हाती दिसतात. पहाऱ्याच्या बाबतीत पूर्व-पश्चिम भेद नसतो, एवढे तरी लेखिकेला कळले आहे.

स्पेन्समध्ये जेम्माच्या तीन मैत्रिणी होतात, आणि पुस्तकाचे खरे बळ त्यांच्यात आहे. फेलिसिटी आरमारातल्या बड्या अधिकाऱ्याची मुलगी. तिला सत्ता हवी आहे. ॲन अनाथ, दुसऱ्याच्या खर्चाने शिकणारी. शाळा संपली की नातलगाच्या घरी गव्हर्नेस म्हणून तिला राबायचे आहे, आणि तिला सुंदर व्हायचे आहे. पिपा मुळात अतिशय सुंदर आहे. तिला खरे प्रेम हवे आहे. जेम्माला स्वतःची ओळख हवी आहे. मायालोकात पहिल्यांदा पाय ठेवल्यावर प्रत्येकीला आपापले हवे ते मिळते. अशा मागण्या परीकथेत असतातच. पण इथे चौघींच्या मागण्यांच्या मागे १८९५ सालचे सामाजिक वास्तव उभे आहे, ते असे की यांतले काहीही त्यांना दाराच्या अलीकडे मिळण्याजोगे नाही. शाळेत त्यांना फ्रेंच, नृत्य, चित्रकला आणि दरबारात राणीपुढे लवण्याची रीत शिकवतात. पोलादी पट्ट्या घातलेल्या कॉर्सेटमुळे त्यांना पोटभर श्वास घेता येत नाही. ही सगळी तयारी एका ‘सीझन’साठी, म्हणजे लंडनच्या लग्नाच्या बाजारासाठी. टेनिसनची शॅलटची ती शापित स्त्री, जिला जग फक्त आरशात पाहायची परवानगी आहे, कादंबरीच्या दाराशीच उभी आहे ती उगीच नव्हे.

पिपाची हकिकत तर मराठी वाचकाला परकी वाटणारच नाही. तिला फेफरे येते. बाप कर्जात बुडाला आहे. दुखणे उघडकीला येण्याआधी तिचे लग्न उरकायचे म्हणून वयाने कितीतरी मोठा, पैसेवाला वकील पाहून ठेवला आहे. ती नाही म्हणते, तिला विचारतो कोण? शेवटी ती मायालोकातली फळे खाते. त्या लोकातले अन्न खाल्ले की परत येता येत नाही. डाळिंबाचे दाणे खाल्लेल्या ग्रीक पर्सेफनीपासून हा नियम चालत आला आहे. मैत्रिणी तिला ओढतात, ती येत नाही, आणि इकडे शाळेत तिचा देह झटके येऊन निपचित पडतो. किशोरींच्या कादंबरीत हे धाडस मोठे आहे. पिपा वाट चुकत नाही, फसतही नाही. समोर दोन वाटा आहेत, वकिलाचे घर आणि मरण, आणि ती विचार करून दुसरी निवडते. ज्यांना हा प्रसंग भडक वाटेल त्यांना एवढेच सांगते की आपल्या हिंदू विवाह कायद्यात फेफऱ्याचे वारंवार येणारे झटके हा लग्नाला अडसर मानला गेला होता, आणि तो शब्द कायद्यातून काढला गेला १९९९ साली. ब्रेची कादंबरी येण्याआधी अवघी चार वर्षे.

दुसऱ्या भागात फेलिसिटीचे गुपित कळते. तिला जे भय आहे ते मायालोकातल्या राक्षसांचे नाही, स्वतःच्या बापाचे आहे. आणि त्याच बापाच्या देखरेखीत एक लहान मुलगी त्या घरात वाढायला आली आहे. इथे रॅडक्लिफचा धडा पुन्हा आठवतो: पडद्यामागे मेणाचे बाहुले आहे, भिण्याची जागा जेवणाच्या टेबलाशी बसली आहे. मायालोकातल्या लढाया, जादूच्या अटी, कोण कोणाला फितूर आहे याची लांबण, हे सगळे पुढे पुढे फार पसरते. तिसरा भाग आठशे पानांच्या घरात जातो आणि त्यातली दोनशे मी आनंदाने कमी केली असती. पण शाळेच्या चार भिंतींत लेखिका परतली की तिचा हात पुन्हा स्थिर होतो.

गॉथिक नियमाप्रमाणे स्पेन्सलाही एक बंद भाग आहे. पूर्वेकडची बाजू. काही वर्षांपूर्वी आग लागून ती जळाली, तेव्हापासून तिला कुलूप आहे. तिथे काय झाले हे मोठ्यांना माहीत आहे आणि मुलींना फक्त अफवा. तिसऱ्या भागात ती बाजू पुन्हा बांधायला काढतात आणि सगळे अनर्थ त्यातून उठतात. ‘पूर्वेकडची जळकी बाजू’ हे शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मनात आले की या पुस्तकात जळून बंद झालेली अशी आणखी एक पूर्व आहे. ती म्हणजे पहिल्या प्रकरणातली मुंबई.

इंग्लंडच्या मुलींच्या पुस्तकांत हिंदुस्थानचे काम ठरलेले आहे. ‘जेन एअर’मध्ये धर्मोपदेशक सेंट जॉन जेनला सांगतो की लग्न कर आणि हिंदुस्थानात चल, त्यासाठी तो तिला हिंदुस्थानीही शिकवू लागतो. ती जात नाही म्हणून वाचते. तो जातो आणि कादंबरीच्या शेवटच्या पानावर मरणाच्या वाटेवर असतो. फ्रान्सिस हॉजसन बर्नेटची सारा क्रू (१८८८, पुढे वाढवून ‘अ लिटल प्रिन्सेस’, १९०५) हिंदुस्थानातून लंडनच्या शाळेत येते, बाप मरतो, ती माळ्यावर मोलकरीण होऊन राहते, आणि शेजारच्या माळ्यावरून रामदास नावाचा हिंदी नोकर येऊन तिची खोली गुपचूप सजवून जातो. त्याच बाईंच्या ‘द सीक्रेट गार्डन’ (१९११) मधल्या मेरीचे आईबाप हिंदुस्थानात पटकीने एका फटक्यात जातात आणि ती यॉर्कशरच्या वाड्यात येते, जिथे रात्री बंद दालनातून रडणे ऐकू येते. पटकी ही त्या वाचकांसाठी फार सोयीची होती. हिंदुस्थानात पटकीने मेले म्हटले की पुढे कोणी काही विचारत नसे. ब्रेने ही सोय उचलली, पण एक पाऊल पुढे जाऊन. तिच्याकडे पटकी हे खोटे कारण आहे, घराण्याची अब्रू राखायला मोठ्यांनी बनवलेले. जुन्या पुस्तकांत जी वस्तुस्थिती होती ती हिच्याकडे बंद दालनाचे कुलूप झाली. हे मला मनापासून आवडले.

पण मुंबई? सर्प, उकाडा, गर्दी, बाजार. १८९५ च्या मुंबईत बोरीबंदरचे नवे स्टेशन उभे राहून सात वर्षे झाली होती, राजाबाई टॉवरचे घड्याळ वाजत होते, विद्यापीठातून मुली पदवीधर होऊ लागल्या होत्या. ते काही या पानांत नाही. सोळा वर्षांची रुसलेली इंग्रज मुलगी शहराकडे तसेच पाहील, असा युक्तिवाद करता येतो आणि तो काही अंशी खराही आहे. तरी त्याच मुलीला कॉर्सेटचे बंद मोजता येतात, चहाच्या पेल्याची नक्षी दिसते, तेव्हा हा न्याय एकतर्फी वाटतो.

राहता राहिला कार्तिक. जेम्माच्या आईबरोबर बाजारात जो पुरुष मरतो त्याचा हा सतरा वर्षांचा धाकटा भाऊ. ‘रक्षणा’चा सेवक म्हणून तो जेम्माच्या मागे इंग्लंडला येतो, शाळेजवळ जिप्सींच्या तळावर राहतो, ‘तुझी दृष्टी मिटून घे’ असे तिला बजावतो आणि तिच्या प्रेमात पडतो. नावाविषयी एक आपल्यापुरती गंमत. आपल्याकडे कार्तिकस्वामी ब्रह्मचारी, आणि कार्तिकी पौर्णिमेचा योग सोडला तर बायकांनी त्याचे दर्शनही घेऊ नये असा जुना संकेत. ज्याच्याकडे पाहायची मनाई आहे अशा पुरुषाला हे नाव मिळावे हा योगायोग असला तरी गोड आहे. बर्नेटचा रामदास फक्त सेवा करतो. कार्तिकला इच्छा आहे, राग आहे, आणि एका गोऱ्या मुलीला तो हवासा वाटतो हे पुस्तक न लाजता सांगते. हा फरक लहान नाही. मुंबईचा म्हणून मी त्याच्यात मुंबई शोधत राहिले. ती फार थोडी सापडली. आणि तिसऱ्या भागाच्या अखेरीस जेम्माच्या वाट्याला आलेले मरण तो स्वतःवर घेतो. एका झाडात तो विरून जातो, ती शिकायला न्यूयॉर्कला जाते. माळा सजवून निघून जाणारा रामदास इथे पुन्हा आठवतो.

या कादंबरीच्या वेळापत्रकावर मी एकदा आपल्याकडच्या तारखा मांडून पाहिल्या. स्पेन्समध्ये एकही हिंदी मुलगी नाही. पण १८८४ ते १८८६ या काळात पंडिता रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात राहून शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन १८८९ मध्ये ऑक्सफर्डला पोचल्या. इकडे १८९० पासून ‘करमणूक’मध्ये हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ येऊ लागली होती. तीही एका मुलीने ‘मी’ म्हणून सांगितलेली गोष्ट आहे. तिच्यात भूत नाही, मायालोक नाही, बंद दालनही नाही. सगळे उघड्या ओसरीवर, दिवसाढवळ्या, वडीलधाऱ्यांच्या संमतीने होते. जेम्माच्या गोष्टीला काळी आकृती लागते. यमूच्या गोष्टीला न्हाव्याचा वस्तरा पुरतो.

आणि रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेली, नवऱ्याच्या घरी नांदायला नकार देणारी. १८८४ मध्ये नवऱ्याने दावा लावला. १८८५ मध्ये तिने ‘अ हिंदू लेडी’ या नावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रे लिहिली, म्हणजे नाव झाकून का होईना, प्रश्नच छापून आणला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल तिच्या बाजूने दिला; अपिलात तो फिरला, आणि १८८७ मध्ये तिला सांगण्यात आले की नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंग. पिपासमोर होत्या तशाच या दोन वाटा. फक्त इथे दुसऱ्या वाटेवर मरण नव्हते आणि निवडणारी जिवंत राहिली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढच्या वर्षी ती लंडनला गेली, तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकली आणि १८९४ साली डॉक्टर झाली.

कादंबरीतली जेम्मा १८९५ च्या उन्हाळ्यात मुंबई सोडून बोटीने इंग्लंडला जाते. रखमाबाई त्याच सुमारास त्याच समुद्रातून उलट दिशेने आली आणि सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळात रुजू झाली. पुढची कित्येक वर्षे ती बाळंतिणी तपासत होती, आणि दुखणे काय आहे ते त्यांना स्वतः सांगत होती.